चौथा भागच जास्त आवडला, तर?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या वाचक पस्तीस वर्षांच्या आहेत. नऊ वर्षांपूर्वी त्या आणि त्यांची जिवलग मैत्रीण एकाच वेळी एका रोमँटिक फँटसी मालिकेच्या नादी लागल्या. शापित राजकुमार, त्याला मारायला पाठवलेली जादूगारीण, आणि तीन भागभर चाललेली त्यांची वैरापासून प्रेमापर्यंतची वाट. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत एकमेकींना मेसेज करत दोघींनी तिन्ही भाग बरोबरीने वाचले. मग तीन वर्षांचा खंड पडला आणि आता चौथा भाग आला. यात जुनी जोडी मागे सरकली आहे. मध्यभागी आहे राजकुमाराची थोरली बहीण, सीमेवरची सेनापती, आणि एक चाळिशीतला नकाशे काढणारा माणूस. मैत्रिणीने शंभरेक पानांतच पुस्तक मिटलं आणि 'आपली मालिका मेली' असं कळवलं. पत्रलेखिकेने ते दोन रात्रींत संपवलं. चारही भागांत त्यांना हाच सर्वांत जास्त आवडला. पण मैत्रिणीला त्यांनी उत्तर दिलं, 'हो गं, मजा नाही आली.' आता त्यांना तीन प्रश्न पडले आहेत. आपली आवड उथळ झाली का? मैत्रिणीला खरं सांगावं का? आणि पाचवा, शेवटचा भाग वाचावा की या आनंदावरच थांबावं? पत्राच्या अखेरीस एक ओळ आहे: 'मधल्या तीन वर्षांत बरंच काही घडलं, पण त्याचा इथे संबंध नाही.'

उत्तर:

तुमचं पत्र चार पानी आहे, आणि त्यातली बरीचशी जागा तुम्ही स्वतःच्या बचावासाठी खर्च केली आहे. पुस्तकात काय काय कमी आहे, मैत्रीण कुठे कुठे बरोबर आहे, तुम्ही किती दमलेल्या होतात, म्हणून कदाचित ते आवडलं असेल, वगैरे. पण तिसऱ्या पानावर एका ठिकाणी तुम्ही हा बचाव साफ विसरून गेला आहात. तिथे तुमचं अक्षरसुद्धा बदललं आहे.

ते प्रकरण घाटातलं. पाऊस लागलाय. सेनापतीचा घोडा लंगडायला लागतो. सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं आहे आणि अजून कुणीच माघार घेतलेली नाही. नकाशेवाला न बोलता चिखलात बसतो, घोड्याचा खूर मांडीवर घेतो, आणि लेखणी तासायच्या चाकूने नालेत अडकलेला खडा उकरायला लागतो. ती कंदील धरून उभी. खडा निघतो, चाकूचं टोक मोडतं. ती एवढंच म्हणते, 'चांगला चाकू होता तुझा.' आणि तुम्ही लिहिता, 'इथे मला रडू आलं, कारण तो चाकू त्याच्या घरातून आणलेली एकमेव वस्तू आहे, हे तिसऱ्या भागात एका ओळीत येऊन गेलं होतं. ते पान मी तीनदा वाचलं.'

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या परिच्छेदातच आहे. उथळ वाचणाऱ्याला तो चाकू आठवत नाही.

हे पान पहिल्या भागात असूच शकलं नसतं, याचा विचार करून बघा. पहिल्या भागावर फार कामं असतात. नवं जग उभं करायचं, तिथली जादू कशी चालते आणि तिची किंमत काय हे समजावायचं, दोन अनोळखी माणसं वाचकाच्या गळी उतरवायची, त्यांच्यात ठिणगी पाडायची आणि शेवटी वाचक पुढच्या भागाकडे धावेल असा कडा गाठायचा. एवढ्या घाईत मोडक्या चाकूला कोण थांबणार? त्या चाकूला वजन यायला मागची हजारभर पानं लागतात. ती लेखिकेने लिहिली, हे खरंच. पण ती तुम्हीही वाचली आहेत, लक्षात ठेवली आहेत, तीन वर्षं सांभाळली आहेत. चौथ्या भागातला आनंद हा असा साठवलेला आनंद असतो. पहिल्या भागातल्या धडधडीशी त्याची तुलना केली, की तो मंद वाटतो. तुलनेचं मापच तिथे चुकतं.

आता तुमच्या मनातल्या एका गृहीतकाबद्दल. पत्रात तुम्ही दोनदा लिहिलं आहे, 'मालिका पुढे पुढे घसरतच जातात, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे.' मला हे इतकं सरळ वाटत नाही. काही मालिका घसरतात, आणि त्याचं कारण या प्रकाराच्या घडणीतच आहे. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकांच्या संघटनेने प्रेमकादंबरीची व्याख्या दोनच अटींवर उभी केली आहे: मध्यभागी प्रेमकथा हवी, आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशेचा हवा. एका पुस्तकाला ही व्याख्या छान बसते. पण मालिकेचं काय? तिसऱ्या भागात शाप उतरला, दोघं एकत्र आली, आशेचा शेवट झाला. आता चौथ्या भागात लिहायचं काय?

लेखकापुढे तेव्हा मोजक्याच वाटा उरतात. जमलेली जोडी पुन्हा तोडायची: एखादा गैरसमज, हरवलेली स्मृती, नवा शाप. ही वाट सर्वांत सोपी आणि माझ्या मते सर्वांत वाईट, कारण त्यात मागच्या तीन भागांतली कमाई वाचकाकडून परत मागून घेतली जाते. दुसरी वाट म्हणजे जोडी तशीच ठेवून त्यांचा संसार लिहायचा. डायना गॅबाल्डन यांच्या 'आउटलँडर' मालिकेत काळाच्या मागे गेलेल्या नायिकेचं तिच्या नायकाशी लग्न १९९१ सालच्या पहिल्याच पुस्तकात होऊन जातं. नववं पुस्तक आलं २०२१ मध्ये. तीस वर्षं वाचक एका जोडप्याचं जुनं होत जाणारं प्रेम वाचत आले. लग्न हाच शेवट, असं मानणाऱ्याला हे अशक्य वाटेल, पण तिथे गोष्टीची सुरुवातच लग्नापासून आहे.

आणि तिसरी वाट तुमच्या लेखिकेने घेतली आहे: जग तेच, माणसं तीच, पण दिवा दुसऱ्याच्या हातात. यातला धोका मोठा आहे. सारा जे. मास यांच्या 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस'चा २०१५ मधला पहिला भाग नायिका स्वतः, 'मी' म्हणून सांगते. २०२१ मध्ये आलेल्या 'अ कोर्ट ऑफ सिल्व्हर फ्लेम्स'मध्ये मात्र गोष्ट तिच्या थोरल्या बहिणीकडे जाते आणि निवेदनही तृतीयपुरुषी होतं. ज्या आवाजाच्या कानाशी बसून तुम्ही सगळं ऐकलं, तो आवाजच गेला की काही वाचकांना घर बदलल्यासारखं वाटतं. काहींना त्याच घराची आजवर बंद असलेली खोली उघडल्यासारखं वाटतं. तुम्ही दुसऱ्या गटात आहात, मैत्रीण पहिल्या. दोघींनी वाचलं तेच, पण दोघी आल्या होत्या वेगवेगळ्या गोष्टींसाठी, आणि हे नऊ वर्षांत कधी कळायची वेळच आली नव्हती. पहिल्या तीन भागांत दोघींनाही हवं ते मिळत होतं.

तुम्ही एक कोडंही घातलं आहे. वाचकांच्या ॲपवर चौथ्या भागाचं सरासरी रेटिंग पहिल्यापेक्षा जास्त आहे, पण खालचे अभिप्राय वाचावेत तर शिव्याशापच. मग खरं काय मानायचं? दोन्ही खरं, आणि दोन्हीतून तुमच्याबद्दल काहीच ठरत नाही. पहिला भाग कुणीही उचलतो: ज्याला हा प्रकार मुळातच आवडत नाही तोही, आणि कुणी भेट दिला म्हणून वाचणाराही. यांतले नाराज लोक तिथेच गळतात. चौथ्या भागापर्यंत पोचतात ते मुळात आवडलेलेच, त्यामुळे पुढच्या भागांची सरासरी बऱ्याचदा वर सरकते. पण पोचलेल्यांतच काही जण मनाने फार गुंतलेले असतात, आणि दुखावल्यावर लांबलचक लिहितात तेच. खूश झालेला वाचक पाच तारे देऊन झोपायला जातो. तुम्हीही तेच केलंत. एक शब्दही लिहिला नाहीत, असं तुम्हीच सांगता. अभिप्रायांच्या त्या यादीत तुमच्यासारख्यांचा आवाज का नाही, याचं उत्तर तुम्हीच आहात.

आता मैत्रिणीची तक्रार. तिला मी मोडीत काढणार नाही, आणि तुम्हीही काढू नका. तिने जो मुद्दा पकडला आहे तो खणखणीत आहे. पहिल्या भागात जखम भरून काढणाऱ्या जादूची किंमत होती, भरणाऱ्याच्या आयुष्यातलं एक वर्ष. त्या एका नियमावर पहिल्या भागाचा सगळा शेवट उभा होता. आणि चौथ्या भागात एक दुय्यम वैद्य लढाईनंतर बारा सैनिकांना एका रात्रीत बरं करतो, आणि त्याच्या आयुष्याचं काय झालं हे कुणी विचारतही नाही. हा दोषच आहे. फँटसीत वाचक उडणारे घोडेही मान्य करतो, पण नियम मोडलेला त्याला सहन होत नाही, कारण नियम मोडला की मागचे त्यागही स्वस्त होतात. तुमच्या मैत्रिणीने पहिल्या भागात त्या शेवटावर तासभर रडून तुम्हाला फोन केला होता, असं तुम्हीच लिहिलं आहे. तिला आज कुणीतरी 'तेव्हा उगाच रडलीस' म्हटल्यासारखं वाटत असेल. 'मालिका मेली' हे वाक्य मला रागाचं वाटत नाही. ते दुःखाचं आहे.

आणि तरीही त्या पुस्तकात चाकूचं पान आहे. दोष आहे म्हणून ते पान खोटं ठरत नाही, आणि पान सुंदर आहे म्हणून दोष झाकला जात नाही. आवडलेल्या पुस्तकाची प्रत्येक बाजू लढवायची जबाबदारी वाचकावर नसते. 'जादूचा नियम लेखिकेने गुंडाळला, आणि मला हे पुस्तक फार आवडलं' हे एकाच दमात म्हणून बघा. मोठ्याने म्हणा. पत्रातली साडेतीन पानं या एका वाक्यात मावतात.

थोडं माझंही सांगते. विशीत असताना मी अशाच एका लांबलचक मालिकेच्या पाचव्या भागाला भिरकावून दिलं होतं. माझी आवडती नायिका त्यात थकलेली होती, चिडकी होती, नवऱ्याशी पैशावरून वाद घालत होती. मला वाटलं, लेखकाने तिचा घात केला. पंधरा वर्षांनी प्रवासात वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून तोच भाग पुन्हा उघडला आणि पहाटेपर्यंत जागी राहिले. पैशाचा तो वाद म्हणजे त्या पुस्तकातलं सर्वांत उत्कट प्रेमदृश्य होतं. दोघं भीतीबद्दल बोलत होती, फक्त भीती हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं. विशीत मला ते दिसायचं कारणच नव्हतं. पुस्तक तेच होतं, एक अक्षर बदललेलं नव्हतं.

म्हणूनच तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीपाशी मी थांबले. 'बरंच काही घडलं, पण त्याचा इथे संबंध नाही.' काय घडलं ते मला विचारायचं नाही. पण संबंध नाही, याची तुम्हाला खात्री आहे का? पहिला भाग सव्विसाव्या वर्षी वाचलात. तेव्हा एकमेकांच्या गळ्याला तलवार लावून प्रेमात पडणारी दोन माणसं हवीहवीशी वाटली. पस्तिशीत तुम्हाला भावली ती भांडणानंतर माफी न मागता चिखलात बसून खूर मांडीवर घेणारी व्यक्ती. या दोन आवडींमध्ये तुमच्या आयुष्याची नऊ वर्षं आहेत. आवड उथळ झाली नाही, तिला दुसऱ्या गोष्टीची भूक लागली. मैत्रिणीची नऊ वर्षं वेगळी गेली असतील. कदाचित तिला आज त्या तलवारींचीच गरज आहे: रोजच्या धबडग्यातून उचलून नेणारं, आतषबाजीचं काहीतरी. आणि लेखिकेने नेमका तिच्या हाती कंदील दिला.

मैत्रिणीला सांगावं का? सांगावं. पुस्तक महत्त्वाचं आहे म्हणून नाही, तर 'हो गं, मजा नाही आली' हे तुम्ही तिला कदाचित पहिल्यांदाच बोललेलं खोटं आहे म्हणून. नऊ वर्षं तुमची मैत्री ज्या गोष्टीवर पोसली, ती गोष्ट म्हणजे एखाद्या पानावर मनात काय झालं ते लगेच दुसरीला सांगणं. आता तुम्ही एक अख्खं पुस्तक एकटीने गिळून बसला आहात. पाचव्या भागाच्या वेळी ते आणखी जड होईल.

फक्त कसं सांगायचं याला महत्त्व आहे. तिचं मन वळवायला जाऊ नका. 'शंभर पानांनंतर खरी गंमत आहे, तू थांबायला हवं होतंस' हे वाक्य तोंडावर येईल. ते येऊ देऊ नका. आवडलेलं पुस्तक दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याइतका त्या पुस्तकाचा घात दुसऱ्या कशाने होत नाही. आणि ती अर्ध्यात थांबली हा तिचा पूर्ण हक्क आहे. आधी तिचं ऐका. तिचं मन नेमकं कुठल्या पानावर उठलं, हे विचारा, आणि ती सांगत असताना पुस्तकाची वकिली करू नका. वैद्याच्या प्रसंगाबद्दल ती बोलेलच. तिथे ती बरोबर आहे, हे मनापासून कबूल करा. मग तुमचं सांगा. 'मी तुला खोटं म्हणाले. मला आवडलं. का आवडलं ते मलाही नीट कळत नव्हतं.' एवढंच पुरे. ती दुखावली, तर ती पुस्तकामुळे दुखावलेली नसेल, लपवल्यामुळे दुखावेल, आणि त्याची माफी मागता येते.

याच प्रश्नाची उलटी बाजू घेऊनही मला पत्रं येतात. तिथे मैत्रिणीला भाग आवडलेला असतो आणि पत्र लिहिणारीला नाही. त्यांनाही मी हेच सांगते: दोघींना एकच भाग आवडला पाहिजे, ही अट मालिकेनेही घातलेली नाही आणि मैत्रीनेही. दोघींनी मिळून एखादी वेगळी मालिका पहिल्या भागापासून सुरू करावी. जुन्या मालिकेवरचं ओझं त्याने बरंच हलकं होतं, कारण एकत्र वाचण्याचं सुख कुठल्या एका लेखिकेवर टांगलेलं राहत नाही.

राहिला पाचवा भाग. 'या आनंदावरच थांबावं का' हा प्रश्न मला समजतो. शेवटचा भाग फसला तर आधीचं सगळं नासेल, ही भीती. ही भीती अगदीच निराधार नाही, शेवटाची चव मागच्या सगळ्यावर पसरते खरी. पण तुमच्याबाबतीत मला ती फार वाटत नाही, कारण तुमचा आनंद गोष्टीच्या निकालावर उभा नाही. युद्ध कोण जिंकतं हे तुम्ही पत्रात लिहिलंच नाही! चार पानांत एकदाही नाही. तुम्ही लिहिलं घाटाबद्दल, चाकूबद्दल, आणि सेनापती झोपेत असताना नकाशेवाला तिच्या तंबूची दोरी पुन्हा बांधतो त्याबद्दल. पाचव्या भागाने सिंहासनावर कुणालाही बसवलं, तरी हे हिरावलं जाणार नाही. म्हणून वाचा. अर्थात, थांबावंसं वाटलं तर थांबण्यातही कमीपणा नाही. मालिका म्हणजे कर्जाचा हप्ता नव्हे. पण भीतीपोटी थांबू नका.

वाचायच्या आधी काही गोष्टी करता येतील, आणि त्या अशा कुठल्याही मालिकेत अडकलेल्या वाचकाला उपयोगी पडतील. सर्वांत मोठा प्रश्न असतो दोन भागांमध्ये पडणाऱ्या खंडाचा. रिबेका यारोस यांच्या ड्रॅगनस्वारांच्या मालिकेचा पहिला भाग मे २०२३ मध्ये आला, दुसरा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, आणि तिसरा थेट जानेवारी २०२५ मध्ये. सहा महिने थांबलेला आणि चौदा महिने थांबलेला वाचक, हे दोघं नवं पुस्तक वेगवेगळ्या मनाने उघडतात. तुम्ही तर तीन वर्षं थांबलात. तुम्हाला चाकू आठवला, पण मैत्रिणीला तो आठवला असेल का? चौथ्या भागातल्या या जोडीची बीजं तिसऱ्यात पेरलेली आहेत, असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. ती बीजं विसरलेल्या वाचकाला सेनापती आणि नकाशेवाला म्हणजे आगंतुक वाटणारच. नव्या भागाचा कंटाळा बऱ्याचदा जुना भाग विसरल्याचा कंटाळा असतो.

म्हणून पाचवा भाग हाती घेण्याआधी सगळं पुन्हा वाचत बसायची गरज नाही, पण चौथ्याचा शेवटचा चतकोर वाचा, आणि आधीच्या भागांतली तुमच्या आवडत्या पात्रांची प्रकरणं चाळा. ऑडिओबुक असेल तर हातातली कामं करताना ऐका. दुसऱ्यांदा ऐकताना सूचक ओळी कानाला जास्त लागतात. पुढचं माहीत असल्याने गोडी जाते असंही नाही. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जोनाथन लेविट आणि निकोलस ख्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, शेवट आधीच सांगून वाचायला दिलेल्या लघुकथा वाचकांना जास्त आवडल्या होत्या. नंतरच्या काही प्रयोगांत याच्या उलटही आढळलं, त्यामुळे हा काही नियम नाही. तुमच्यापुरतं पाहायचं तर तुम्ही ते पान तीनदा वाचलंत, आणि खडा निघणार हे दुसऱ्या वेळेपासून माहीतच होतं.

अभिप्रायांपासून मात्र वाचून होईपर्यंत लांब राहा. वाचून झाल्यावर मग इतरांची मतं बघण्याआधी स्वतःच्या दोन ओळी लिहा, वहीत किंवा फोनवर: काय लक्षात राहिलं, कुठे मन उठलं. तारे देऊ नका. दुसऱ्याचं मत वाचल्यावर आपलं पहिलं मत किती झपाट्याने विरघळतं, ते तुम्ही या वेळी अनुभवलंच आहे. मैत्रिणीचा मेसेज आला तेव्हा तुम्ही शेवटच्या प्रकरणात होतात आणि 'अंगावर काटा आला होता', असं लिहिता. पाच मिनिटांनी तुम्ही तिला 'मजा नाही आली' असं कळवलंत. त्या पाच मिनिटांत पुस्तक बदललं नव्हतं.

आणि पाचवा भाग पहिल्याच दिवशी, एका रात्रीत संपवायची घाई नको. नव्या भागाचा गाजावाजा असतो, सगळे धावत असतात, कुणीतरी शेवट फोडेल या धाकाने आपणही धावतो. तुम्हाला ज्या प्रकारची पानं आवडतात ती धावताना हाती लागत नाहीत. शेवट कळला तर कळू दे.

आता आजच करण्यासारखी एक गोष्ट. मैत्रिणीशी बोलणं झालं, तिचं सगळं सांगून झालं, तुमची कबुली झाली, की तिला विचारा, 'एक पान वाचून दाखवू?' ती नको म्हणाली तर राहू द्या. हो म्हणाली, तर आधी तिसऱ्या भागातली चाकूची ती एक ओळ वाचा. मग घाटातलं पान. मध्ये काही समजावू नका, आणि वाचून झाल्यावर तीच काही बोलेपर्यंत गप्प राहा.